पुस्तकांच्या छोट्या दुकानात अभिवाचनाचे फोटो काढताना

२७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणून मराठी भाषा गौरव दिन असतो, त्यामुळे त्या आठवड्यात पुण्यात जिकडे तिकडे कार्यक्रम असतात. आमच्या ओळखीच्या एका छोट्या पुस्तकांच्या दुकानातही यंदा एका कथालेखिकेचं अभिवाचन ठरलं. हे दुकान कुठल्या साखळीतलं वगैरे नाही, जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर दोन खोल्या आहेत आणि काका-काकू दोघं मिळून सगळं बघतात. काकांचा फोन आला, "अगं तू नाटकांचे फोटो काढतेस ना, मग आमच्याकडे येशील का, गेल्या वेळी सगळ्यांनी मोबाइलवर काढले आणि बाईंचा चेहरा एकाही फोटोत धड दिसत नाही." मी लगेच हो म्हटलं. पैशांचं काकांनी विचारलं तर म्हटलं ते राहू द्या, फक्त मला आधी दोनदा दुकानात येऊन बसू द्या आणि लेखिका ताई कुठली कथा वाचणार ते कळवा.

हो म्हणण्यामागे अजून एक कारण होतं. पुण्यातलं मॅनीज हे पुस्तकांचं दुकान २०१२ मध्ये बंद झालं, मुंबईतलं स्ट्रँड २०१८ मध्ये, आणि या दोन्ही दुकानांचे फोटो मी मध्यंतरी शोधत होते तेव्हा मला पाट्यांचे, कपाटांचे, शेवटच्या दिवसाच्या गर्दीचे फोटो मिळाले पण आत एखादा लेखक बसून वाचतोय आणि माणसं ऐकतायत असे फारच थोडे मिळाले. दुकान चालू असतं तेव्हा कुणाला वाटतच नाही की हे काढून ठेवावं. ते मनाला फार लागतं.

तर पहिली गोष्ट म्हणजे उजेड. कार्यक्रम सहाचा, म्हणजे सुरू होणार सव्वासहाला, आणि फेब्रुवारीच्या शेवटी पुण्यात सूर्य मावळतो साडेसहाच्या थोडं पुढे. म्हणजे वाचन सुरू होताना खिडकीतून बऱ्यापैकी उजेड येणार आणि निम्म्या कथेत तो निळसर होत होत जाणार, वर दुकानात एका भिंतीला पांढरी ट्यूब, दुसरीकडे पिवळे बल्ब. तीन रंगांचा उजेड एका चेहऱ्यावर पडला की नंतर कॉम्प्युटरवर कितीही खटपट करा, एक गाल सुधारला की दुसरा हिरवा दिसतो. म्हणून मी त्याच वेळेला, संध्याकाळी सहाला जाऊन बसले आणि काकांना म्हटलं ट्यूब बंद करून बघू, खिडकीचा पडदा ओढून बघू. पडदा ओढल्यावर आणि फक्त पिवळे बल्ब ठेवल्यावर उजेड कमी झाला खरा, पण सगळीकडे एकसारखा झाला, आणि काकू म्हणाल्या असंच छान वाटतंय, घरात बसल्यासारखं. म्हटलं मग ठरलं.

दुसरं म्हणजे हे एलईडी बल्ब. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे स्वस्तातले बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होत असतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. त्यातून मला शटरचा आवाज अजिबात नको होता. वीस-पंचवीस माणसांच्या खोलीत खट खट खट झालं की ऐकणाऱ्याचं लक्ष तुटतं आणि वाचणाऱ्याचंही. म्हणून सायलेंट मोड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, आणि ते सेन्सरवरचं (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग) चित्र एकेक ओळ करून वाचतं, तेवढ्यात बल्ब मंद झाला की फोटोभर आडवे काळपट पट्टे. यावर उपाय एकदम सोपा आहे, शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते, सेकंदाच्या १/१०० किंवा १/५० ठेवायचा, म्हणजे प्रत्येक ओळीला बल्बचं पूर्ण आवर्तन मिळतं आणि पट्टे येत नाहीत. १/१२५ किंवा १/२५० केलं की लगेच दिसायला लागतात. मी तिथेच काकांना खुर्चीवर बसवून दोन्ही प्रकारे काढून दाखवलं, काका दोन्ही फोटो बराच वेळ बघत बसले.

मग जागा. काकांनी दरवर्षीसारखी लेखिकेची खुर्ची ठेवलेली ती स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांसमोर, कारण तिथे मोकळी जागा जास्त. त्या गाइडांची रंगीत जाड जाड अक्षरं डोक्यामागे आली की फोटोत बाकी काही दिसतच नाही. मी विचारलं खुर्ची समोरच्या भिंतीला नेली तर, कथासंग्रहांच्या कपाटापाशी? तिथे कमी माणसं मावतील ही त्यांची शंका बरोबर होती. मग मधलं टेबल बाहेर व्हरांड्यात काढलं, पुढे सतरंजी टाकली, मागे खुर्च्या, आणि दोन-चार माणसं जास्तच बसली असती एवढी जागा झाली. कपाट भिंतीला आणि खुर्ची त्याच्यापासून चांगली पाच फूट पुढे ओढली, म्हणजे मागची पुस्तकं कळतात पण अक्षरं धूसर होऊन जातात.

पण खरं काम याच्यापुढे होतं, आणि मला जे सांगायचंय ते हेच. अभिवाचनाचा फोटो काढायचा असेल तर ती कथा आधी वाचावी लागते. नुसती डोळ्यांखालून घालून चालत नाही, मोठ्यानं वाचावी लागते.

ताईंना मी फोन केला, ओळख करून दिली, त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पानांचे फोटो पाठवले. कथा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या चारा छावणीतली. २०१२-१३ च्या दुष्काळात तिकडे मोठ्या छावण्या होत्या, माणसं घर बंद करून जनावरांबरोबर तिथेच येऊन राहायची, त्यातली एक म्हातारी आणि तिचा बैल. मी घरी रात्री दार लावून ती मोठ्यानं वाचली. वाचताना स्वतःकडे लक्ष ठेवलं की मान कधी वर होतेय. वर्णन चालू असताना मान खालीच राहते, लांब वाक्य असेल तर डोळे सतत ओळींवर, आणि त्या वेळी फोटो काढला तर माणूस डुलकी घेतोय असं दिसतं. पापण्या खाली, दुसरं काही नाही. संवाद आला की मात्र मान आपोआप वर, कारण संवाद कुणाला तरी म्हणायचा असतो. आणि वाक्य संपलं, पूर्णविराम झाला, की पुढचं वाक्य सुरू करायच्या आधी एक क्षण मिळतो, त्यात वाचणारा समोर बघतो. तो क्षण पाहिजे. तो दिसल्यावर बटण दाबलं तर उशीर होतो, वाक्य कुठे संपणार हे आधीच माहीत असायला लागतं.

तोंडाचंही तसंच आहे. प फ ब भ म म्हणताना ओठ मिटतात, उ आणि ओ ला चंबू होतो, आ ला तोंड उघडं पडतं. नको त्या अक्षरावर फोटो निघाला की चांगल्या चेहऱ्याच्या माणसाचाही फोटो वेडावाकडा येतो आणि मग ती माणसं आयुष्यभर म्हणत राहतात माझा फोटो चांगला येत नाही. ताई फोनवर हेच म्हणाल्या होत्या. मी म्हटलं ताई, यावेळी येईल. त्या कथेत म्हातारी बैलाला हाक मारते, वाक्याच्या शेवटी, आणि हाक संपल्यावर लेखिकेनं नवीन परिच्छेद केलाय. मी त्या जागेवर पेन्सिलीनं खूण केली. अशा पाच-सहा खुणा केल्या आणि प्रिंट घडी करून पर्समध्ये ठेवली. नाटकाच्या वेळी मी तालमीला जाऊन बसते, इथे तालीम नसते, तर ही पानं हीच माझी तालीम.

कार्यक्रमाच्या दिवशी ताई अर्धा तास आधी आल्या. मी लगेच कॅमेरा बाहेर काढला नाही, चहा झाला, बोलणं झालं. त्यांना दोनच गोष्टी विचारल्या. पुस्तक कुठल्या हातात धरता? डाव्या. मग मी त्यांच्या उजव्या बाजूला बसणार, नाहीतर पुस्तक तोंडावर येतं. आणि वाचताना चष्मा लावता का, तर हो, वाचायचा वेगळा चष्मा, साखळीला अडकवलेला. चष्म्याच्या काचेत समोरचा बल्ब चमकतो आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके येतात. त्यांना खुर्चीत बसवून बघितलं तर खरंच समोरच्या बल्बची चमक येत होती, तो बल्ब काकांनी सरळ काढून घेतला आणि बाजूच्या होल्डरला लावला. माइकचा प्रश्न होता, मला विचाराल तर एवढ्या जागेत माइक नको, पण मागच्या रांगेत वयस्कर माणसं असतात आणि त्यांना ऐकू येणं माझ्या फोटोपेक्षा महत्त्वाचं, त्यामुळे स्टँडचा माइक ठेवला आणि तिरका करून हनुवटीच्या खाली घेतला. हातातला माइक असता तर अर्धा चेहरा गेला असता.

सुरुवातीला काकांनी सांगितलं की आज फोटो काढले जाणार आहेत, ज्यांना आपला फोटो नकोय त्यांनी खिडकीकडच्या बाजूला बसावं, तिकडे कॅमेरा वळणार नाही. हे मी आग्रहानं सांगायला लावते. दुकानात पुस्तक घ्यायला आलेला माणूस कार्यक्रम दिसला म्हणून बसतो, त्याला उद्या फेसबुकवर स्वतःचा चेहरा का दिसावा? दोन बायका उठून खिडकीकडे गेल्या, एक कॉलेजचा मुलगा गेला. कुणी त्यांना कारण विचारलं नाही.

मी सतरंजीच्या कडेला बसले, उजवीकडे, ताईंपासून आठेक फुटांवर, पाठीमागे कपाट म्हणजे माझ्यामुळे कुणाला अडत नाही. कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन बंद, फोकस करताना लागतो तो लाल दिवा बंद, बीप बंद, फ्लॅश तर बॅगेत पण आणला नव्हता. ८५ मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक एफ/२.८, शटर १/१००, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, ३२००. अ‍ॅपर्चर अजून उघडता आलं असतं आणि आयएसओ खाली आला असता, पण ८५ ला एवढ्या अंतरावर २.८ ला सुद्धा जेमतेम चौदा-पंधरा सेंटिमीटर एवढाच भाग स्पष्ट येतो, आणि वाचणारा माणूस सारखा पुढे-मागे होत असतो. आयएसओमुळे थोडा ग्रेन, म्हणजे फोटोत रवाळपणा, आला तरी चालतो, डोळे धूसर आले तर तो फोटो गेला.

ताईंनी वाचायला सुरुवात केली आणि पहिली दोन-तीन पानं मी काहीच काढलं नाही. त्यांची लय कळायला पाहिजे होती. मी घरी वाचली तेव्हा भराभर वाचली होती, त्या सावकाश वाचत होत्या, स्वल्पविरामाला पण थांबत होत्या, आणि माणदेशी बोली आली की आवाजच बदलायचा, खाली जायचा, जड व्हायचा. माझ्या खुणा बरोबर होत्या पण त्यांच्या आधी-नंतर किती थांबायचं ते इथे बसूनच कळलं. संवाद सुरू झाले तसा मी कॅमेरा डोळ्याला लावला. बर्स्ट मी लावत नाही, धडाधड वीस फोटो घेऊन नंतर त्यातला निवडायचा या पद्धतीत मला ऐकता येत नाही, आणि ऐकणं सुटलं की पुढची जागा पण सुटते. एक वाक्य, एक फोटो, फार तर दोन.

आणि मग ती हाक आली. ताईंनी कागदाकडे न बघता ती म्हटली, म्हणजे पाठच असणार, पुस्तकाच्या पानात बोट ठेवलेलं, चष्म्याच्या वरून समोर बघत, आणि हाक संपल्यावर त्या थांबल्या ते मला वाटलं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. तेवढ्यात मी ताईंचा एक काढला आणि ३५ मिलिमीटरची, जास्त भाग टिपणारी लेन्स लावलेला दुसरा कॅमेरा उचलून लोकांकडे वळले. माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात महत्त्वाचा फोटो हा दुसरा. एक गृहस्थ होते, साठीच्या पुढचे, पांढरा शर्ट, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि ते मान हलवत होते, म्हणजे हो हो असंच, असंच असतं, अशी. नंतर त्यांनी स्वतःच सांगितलं की ते माण तालुक्यातल्या म्हसवडकडचे, त्यांच्या भावानं छावणीत जनावरं नेली होती. त्यांच्या शेजारची मुलगी ताईंकडे न बघता त्यांच्याकडे बघत होती. हे सगळं त्या फोटोत आहे. वाचणाऱ्याचा फोटो घरी सोफ्यावर बसवूनही काढता येईल, ऐकणाऱ्यांचा नाही काढता येत, त्याला दुकानच लागतं, अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली लागतात.

त्यानंतर मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि शेवटापर्यंत नुसती ऐकत बसले. पाहिजे ते मिळालं होतं.

प्रश्नोत्तरांत फोटो सोपे असतात, सगळे मोकळे झालेले असतात, हात हलतात, हसतात. १/१०० ला हलणारा हात थोडा धूसर येतो, मला ते आवडतं. सह्यांच्या वेळी मी काउंटरच्या आतल्या बाजूला काकांच्या शेजारी उभी राहिले, तिथून ताईंचा चेहरा आणि पुस्तक घेऊन उभा असलेला माणूस दोन्ही समोरून मिळतात. मात्र पुस्तकावर त्या काय लिहितायत ते वाचता येईल असं जवळून काढत नाही. कुणी आईसाठी लिहून घेतं, कुणी अजून कुणासाठी, ते त्यांचं खाजगी आहे. सगळ्यात शेवटी ग्रुप फोटो झाला, तो होतोच, आणि तेव्हा लक्षात आलं की काकू आत कप विसळतायत. मागच्या सगळ्या कार्यक्रमांचे फोटो मी बघून ठेवले होते, त्यांत काकू कुठेच नाहीत, आणि पाहुण्यांना फोन करण्यापासून पुस्तकांच्या याद्या करण्यापर्यंत सगळं त्याच करतात. ताईंनीच हाक मारली, "अहो वहिनी, या इकडे, माझ्या शेजारी." पदर खोचलेलाच होता, ओले हात पुसत आल्या. तो फोटो आता काउंटरच्या मागे लावलाय.

घरी आल्यावर त्याच रात्री मी मोजके फोटो निवडून पाठवले, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ग्रुपवर बघतात, आठवड्यानं पाठवून कुणी बघत नाही. रंग थोडेसे थंड केले, पिवळेपणा सगळा काढला नाही, बल्बचा उजेड बल्बचाच दिसायला पाहिजे. ताईंचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघितला, गंभीर वाटत होता, पण मागची पुस्तकांची रंगीबेरंगी रांग गेली आणि ती जागा कुठलीही झाली, म्हणून रंगीतच ठेवला. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे टाकले की ते दाबून टाकतं, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवले, आणि प्रत्येक फाइलच्या आत तारीख, दुकान, लेखिकेचं नाव, कथेचं नाव असं मराठीत लिहून ठेवलं. दहा वर्षांनी कुणाला ही फाइल सापडली तर त्याला हे कोण आणि कुठे ते कळलं पाहिजे.

ताईंना निवडायला दिले तर त्यांनी बोट ठेवलेला, चष्म्यावरून बघतानाचा तोच उचलला. म्हणाल्या, "ही मीच आहे." आणि मग त्यांच्या प्रकाशकांकडून फोन आला की नवीन आवृत्तीच्या मलपृष्ठावर हा फोटो हवाय. इथे थोडं सांगते, कारण बऱ्याच फोटो काढणाऱ्यांना हे माहीत नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे फोटोचा पहिला मालक सहसा फोटो काढणारा असतो, पण कुणी मोबदला देऊन सांगून काढून घेतला असेल आणि वेगळा करार केलेला नसेल तर मालकी त्या सांगणाऱ्याकडे जाते. मी काकांकडून पैसे घेतले नव्हते त्यामुळे फोटो माझेच राहिले. तरीसुद्धा मी काकांना मेल करून ठेवली होती की दुकानानं हे फोटो पाहिजे तिथे फुकट वापरावेत, माझं नाव टाकून, आणि बाहेर कुणाला द्यायचे असतील तर मला विचारावं. त्यामुळे प्रकाशकांशी बोलताना कसलाच गोंधळ झाला नाही. छायाचित्रासाठी मानधन आणि श्रेयनामात नाव, एवढंच मागितलं, त्यांनी दोन्ही मान्य केलं, फक्त मागची पुस्तकं कापून पांढरी पार्श्वभूमी करू का विचारलं. त्याला मी नाही म्हटलं. ताईंनीही नाही म्हटलं. मग राहिली पुस्तकं.

आता काकांच्या डोक्यात १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आहे, तेव्हा शेजारच्या शाळेतल्या मुलांना बोलावून बालकथा वाचून दाखवायच्या. मुलं असली की परवानगी पालकांकडून लेखी घ्यायची हे मी आत्तापासून सांगून ठेवलंय, आणि शाळेची वेळ म्हणून कार्यक्रम सकाळी अकराचा, म्हणजे उजेडाचं सगळं नव्यानं बघायला लागेल, पडदा उघडा ठेवता येईल बहुतेक. कथा कुठली ते ठरलं की पानं पाठवा म्हटलंय.